भांगाच्या दिवसांतली मोजणी

माझ्या सहीचा एक कागद कुठल्यातरी सरकारी दप्तरात अजून पडलेला असेल. वाळवीने खाल्ला असेल तर तिचं भलं होवो. त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि मी आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम तेच.

मी तेव्हा पनवेलला सरकारी रस्त्यांच्या ऑफिसात ट्रेसर होतो. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पातळ मेणकापडावर शाईने उतरवून काढायचा, हे ट्रेसरचं काम. डोकं चालवायचं नाही आणि हात हलू द्यायचा नाही. दोन्ही मला छान जमायचं. नोकरी हंगामी होती. दर सहा महिन्यांनी पुढची ऑर्डर येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, आणि ऑर्डर आली की आठवडाभर मी स्वतःच साहेब असल्यासारखा चालायचो. आमच्या गावातून ऑफिसात खुर्चीवर बसणारा मी पहिलाच. गाव नेऱ्याच्या वाटेवर, भात आणि गवत पिकवणाऱ्यांचं.

साल नेमकं सांगत नाही, साठच्या दशकाच्या सुरुवातीचं धरा. मुंबई-पुण्याचा रस्ता तेव्हा पनवेलच्या अंगावरून जायचा. डांबराचा पट्टा एवढा अरुंद की समोरासमोर दोन ट्रक आले तर एकाने मातीत उतरायचं. ठाण्याच्या बाजूला कारखाने उभे राहायला लागले होते, ट्रक दर महिन्याला वाढत होते, आणि त्याच पट्ट्यावर एस.टी., सायकली, गुरं, टोपल्या घेतलेल्या बाया आणि बैलगाड्या. आठवड्याला काही ना काही व्हायचंच. कधी गाय, कधी सायकलवाला. लोक दोन दिवस बोलायचे, मग पुढचं काही घडायचं.

हा रस्ता सुधारायचा असं वरून ठरलं आणि आमच्या साहेबांना आराखडा करायला सांगितलं. साहेब घाटावरचे. तरुण, सरळ, कुणाची चहाची कपबशीसुद्धा फुकट न घेणारे. वाईट माणूस असता तर आज दोष द्यायला मला कोणीतरी मिळालं असतं, पण तेवढंही माझ्या नशिबात नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवशी टेबलावर नकाशा पसरून मला समजावलं. एक, डांबराची रुंदी वाढवायची. दोन, जिथे पाणी साचतं तिथे मातीचा उंच भराव घालून रस्ता वर उचलायचा. तीन, नेऱ्याच्या फाट्यापासून बंदराच्या वळणापर्यंत भरावाच्या पायथ्याने बैलगाड्यांसाठी वेगळी वाट काढायची आणि रस्त्याखालच्या एका मोठ्या मोरीतून तिला पलीकडे न्यायचं. म्हणजे गाडीवानाला डांबरावर यायलाच नको. पहिल्या दोन गोष्टी होणारच होत्या. तिसरी मात्र किती गाड्या जातात त्यावर ठरणार होती. पुरेशा निघाल्या तर वाट, नाहीतर नाही.

तिसरी गोष्ट ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काका आला.

काका म्हणजे माझा सख्खा चुलता. मी चालायला लागलो त्या वर्षी बाप गेला, आणि मला शाळेत घालण्यापासून ऑफिसच्या पायरीपर्यंत आणण्याचं सगळं त्यानेच केलं. त्याला आणि काकूला मूलबाळ नव्हतं. दोन बैल होते आणि मी होतो. प्रेम आमच्या तिघांवर सारखंच, पण बैलांना शिव्या कमी पडायच्या. तो गावातलं भात, गवत, लाकूडफाटा गाडीत भरून पनवेलच्या बंदरावर न्यायचा. तिथून माल पडावांत, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्यांत, भरून मुंबईला जायचा. बंदरावर पोचायचं तर मैलभर त्या मोठ्या रस्त्यावरून जावं लागे. गवताने भरलेली गाडी, मागचं काही दिसत नाही, आणि मागून भोंगा वाजवत ट्रक. काका एक चाक मातीत आणि एक डांबरावर ठेवून हाकायचा. त्या मैलाला तो कुणाशी बोलायचा नाही. दोनदा त्याची गाडी कलंडली होती. मला नोकरी लागली तेव्हा गावाने हार घातला, पेढे वाटले. काकाने फक्त एवढंच म्हटलं, "रस्त्याच्या हापिसात लागलास ना? मंग आमाला एक कडंची वाट दे र. बाकी काय नको."

आणि आता ती वाट माझ्याच टेबलावर पेन्सिलीत काढलेली होती. मला वाटलं, देवच पावला.

मोजणी सात दिवसांची असायची, सोमवार ते रविवार. दिवसभराची माणसं मी जमवायची होती. रात्रीचं ऑफिसचे चौकीदार बघणार होते. लिहिता येणारी माणसं रोजंदारीवर उन्हात बसायला कोण मिळणार? मी एक युक्ती काढली. प्रत्येक मोजणाऱ्यापुढे पाच रिकामे डबे ठेवायचे. ट्रकचा, एस.टी.चा, मोटारीचा, सायकलीचा आणि बैलगाडीचा. शेजारी चिंचोक्यांची पिशवी. वाहन गेलं की त्याच्या डब्यात एक चिंचोका. संध्याकाळी मी सायकलवरून जाऊन डबे रिकामे करून मोजणार आणि तक्त्यात लिहिणार. साहेब एवढे खूश झाले की त्यांनी ही युक्ती दुसऱ्या तालुक्याच्या साहेबांनाही कळवली. मी फुगलो.

मग मी गावात गेलो. चावडीवर चारपाच जण बसले होते, सगळे गाडीवानच. म्हटलं, सहा माणसं हवीत, येत्या सोमवारपासून सात दिवस.

"या सोमवारी नाय जमनार," एक जण म्हणाला. "त्याच्या पुढल्या सोमवारी सगली मोकली हायेत. पायजे तेवढी मानसं ने."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? आमी काय करतो तवा? बसूनच असतो."

मी लगेच पुढचा सोमवार धरला. साहेबांना सांगितलं, सहाच्या सहा माणसं मिळाली. साहेब म्हणाले, "इतर ठिकाणी दोन माणसं मिळायची मारामार आहे हो. तुमचं गाव चांगलं आहे." पुढची सहामाही ऑर्डर न काढता मला कायम करावं म्हणून वर लिहितो, असंही म्हणाले. गावातली सगळी माणसं एकाच आठवड्यात मोकळी का असतात, हे मी विचारलं नाही. याला मूर्खपणा म्हणावं तर मी मूर्ख नव्हतो. त्याच गावात जन्मलो होतो. पण तीन वर्षं ऑफिसात बसून माझ्या डोक्यात वार शिरले होते आणि तिथी निघून गेल्या होत्या. भिंतीवरच्या सरकारी कॅलेंडरवर सोमवार होता. गावासाठी तो दिवस षष्ठीचा होता, आणि तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

ज्यांचं गाव खाडीपाशी नाही त्यांच्यासाठी सांगतो. पनवेलच्या बंदरात पडाव यायचे ते भरतीच्या पाण्यावर. पुनव आणि अवसेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं, तेव्हा भरलेला पडाव थेट धक्क्याला लागतो. अष्टमीच्या आगेमागे पाणी कमी चढतं. त्याला भांग म्हणतात. खाडीत गाळ साचलेला, भांगाच्या पाण्यावर पडाव वर येतच नाही, खाली खाडीच्या तोंडाशी थांबतो. आणि धक्क्यावर पडाव नसला तर गाड्या माल घेऊन जातील कशाला? त्या दिवसांत गाडीवान घरी बसतात, जू दुरुस्त करतात, बैलांना धुतात, पत्ते खेळतात. म्हणून ते मोकळे होते. बैलगाड्या मोजायला मी गाडीवानच बसवले, आणि तेही ते गाडी हाकत नाहीत अशा आठवड्यात.

हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

बंदराच्या वळणावर काका स्वतः मोजायला बसला होता. मीच त्याला बसवलं होतं. घरचा माणूस, गफलत करणार नाही. अंगाखाली गोणपाट, डोक्याला टॉवेल, पुढे पाच डबे ओळीने मांडलेले. ट्रक गेला की चिंचोका असा टाकायचा की जणू देवाला फूल वाहतोय. बुधवारी दुपारी मी सायकलवरून पोचलो आणि ट्रकचा डबा वाजवून बघितला. भरत आला होता. मग बैलगाडीचा उचलला. आत तीन-चार चिंचोके खुळखुळले.

"एवढेच?" मी म्हटलं.

काका हसला. "मंग कवडं पायजेत? आज अष्टमी हाय. भांगाचा कोन गाडी जुपील? जुपनारी सगली तर तू हिकडं बसवून ठेवलीस."

मी डबा खाली ठेवला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पाऊस नसताना छत्री का नाही म्हणून कोणी विचारावं, तसं तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "वाट व्हनार ना र?"

"होईल," मी म्हटलं आणि सायकल वळवली.

ऑफिसात परत येईपर्यंत मी दहा वेळा ठरवलं की सांगायचं. साहेब, आठवडा चुकला, ही मोजणी टाकून द्या, पुनवेला पुन्हा करू. एवढं एक वाक्य होतं. पण ते बोलायचं म्हणजे माझ्या चिंचोक्यांच्या युक्तीचं हसं, साहेबांनी वर पाठवलेल्या कौतुकाचं हसं, आणि मला कायम करायचा कागद त्याच आठवड्यात निघणार होता. शिवाय कायदा बघितला तर माझी चूक नव्हतीच. नियमात सलग सात दिवस म्हटलेलं होतं. भरती-ओहोटीचा शब्दही नव्हता. नियम करणाऱ्याने खाडी पाहिली नसेल तर तो काय माझा गुन्हा? असं मी स्वतःला समजावत गेलो, आणि माणूस स्वतःला समजवायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत. दोन दिवस गेले. मग आणखी दोन गेले. रविवारी मोजणी संपली.

सोमवारी साहेबांनी तक्ता पुढे घेतला. बैलगाडीच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"इतक्याच? मला वाटलं होतं जास्त असतील. बरोबर आहे ना?"

देवाने अजून एकदा दार उघडून दिलं होतं, असं म्हणायचं तर म्हणा.

"बरोबर आहे साहेब. डबे मी स्वतः मोजलेत."

त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या गोष्टीवर एक तिरकी रेघ ओढली. "मग एवढा खर्च मागता येणार नाही," ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटल्याचं दिसलं. मी तक्त्याखाली सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून मेणकापडावर रस्ता उतरवायला घेतला. रुंद डांबर, उंच भराव, दोन्ही बाजूंना उतार. खालची वाट नाही, मोरी नाही. हात जराही हलला नाही. नकाशा सुंदर झाला.

काकाला मी सांगितलं की वरून नामंजूर झालं. 'वरून' हा शब्द फार सोयीचा. तो "बरं" म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

दोन वर्षांत रस्ता झाला. पुण्यामुंबईचे लोक खूश झाले, ट्रक सुसाट सुटले. बैलगाड्यांचं मात्र असं झालं की पूर्वी निदान कडेच्या मातीत उतरता यायचं, आता कडेला भरावाचा खोल उतार. एकदा फाट्यावरून वर चढलं की बंदराच्या वळणापर्यंत डांबरावरच राहायचं, दोन्ही चाकं डांबरावर, आणि मागे ट्रक. भांगाच्या दिवसांत रस्ता मोकळा दिसे. उधाणाला गाड्यांची रांग लागे.

एका पुनवेला साहेब जीपमधून पाहणीला निघाले, मी नकाशांची गुंडाळी घेऊन मागे बसलेलो. सकाळचे दहा वाजले असतील. नेऱ्याच्या फाट्यावर जीप थांबली, कारण पुढे गाड्याच गाड्या होत्या. गवताच्या, भाताच्या, कोळशाच्या. वळणापर्यंत नजर पोचेल तिथवर. साहेब खाली उतरले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"ह्या कुठून आल्या?"

"आज उधाण आहे साहेब. पडाव लागतात धक्क्याला."

ते हळूच वळले. हुशार माणूस, त्यांना सगळं एका क्षणात कळलं. "आणि आपली मोजणी?"

"भांगात झाली."

"तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "आपण विचारलं नाहीत." त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. स्वतःकडे दोष घेऊन त्यांनी वर पत्र लिहिलं की मोजणी पुन्हा करू द्यावी, गाड्यांची वाट आवश्यक आहे. ते पत्र मीच टपालात टाकलं. उत्तर आलं, पुढील टप्प्यात विचार करू. पुढच्या टप्प्याआधी साहेबांची बदली झाली.

चैत्रातल्या अवसेला, सकाळी नऊच्या सुमारास, वळणाच्या अलीकडे एका ट्रकने काकाच्या गाडीला मागून धडक दिली. ट्रकवाल्याचं म्हणणं, समोरून एस.टी. आली, बाजूला घ्यायला जागा नव्हती. ते खरंच होतं, जागा नव्हती. मला ऑफिसात निरोप आला. मी पोचलो तेव्हा डावा बैल जूसकट मरून पडला होता. उजवा बैल उठायला बघत होता आणि त्याचे मागचे पाय उठत नव्हते. गवत भरावावरून खालपर्यंत सांडलेलं. काका त्या गवताच्या खाली, शेताच्या बांधावर पडला होता. शुद्धीवर होता. मला म्हणाला, "त्याला बग आदी," म्हणजे बैलाला.

मणका मोडला होता. डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं, नेलं, दोन महिने ठेवलं, आणि परत आणलं तेव्हा कमरेखाली त्याला काही समजत नव्हतं. काकूने त्याची खाट ओटीवर टाकली. खाटेवर पडून त्याला अंगण दिसायचं आणि रिकामा गोठा. काकू सगळं करायची, धुणं, भरवणं, कूस वळवणं, आणि माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची. ते मला सोसत नसे. तोवर मला कायम केल्याचा कागद कधीच आलेला होता; गावात मी आता मोठा माणूस होतो.

एका सकाळी काकू पाण्याला गेली होती. मी खाटेजवळ बसलो होतो. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं.

"काका, वरून नामंजूर नव्हतं झालं. तो आठवडा मीच धरलेला. भांगाचा. अष्टमीला तू बोललास तवाच मना कललं. तरी मी सायबाला सांगितलं नाय."

तो आढ्याकडे बघत होता. मला वाटलं, ऐकलं नसेल.

"मना ठाव हाय," तो म्हणाला. "मी काय येडा हाय? तीन-चार गाड्या बगून कोन वाट करील?"

"मग तू तवाच का बोलला नाय?"

त्याने मान गोठ्याकडे वळवली. मग म्हणाला, "रोज सांजचं मनात यायचा, दोन मुठी चिंचोकं टाकावं त्या डब्यात. कोन बगतंय? पन मंग म्हटला, नको. तुजी सही व्हनार व्हती कागदावर. उद्या कोनी पकडला तर पोराची नोकरी जाईल."

मी त्याच्या पायांवरची गोधडी सारखी केली. पाय गार होते. ऑफिसची वेळ झाली होती, म्हणून उठलो आणि गेलो.